सारखं की वेगळं?

"हा घे खुलखुला," पाळणाघरातली मावशी म्हणाली.

"खुलखुला नाही!" मुंगीने पाय आपटला. "खुलखुला!"

"अग, तोच तर देते आहे. खुलखुला."

"तू खुलखुला म्हणतेस! खुलखुला नाही म्हणायचं. खुल-खुला म्हणायचं!"

मावशीने हातातला पिवळा खुळखुळा उलटसुलट करून पाहिला. हिला लाल हवा असेल, असं वाटून तिने खेळण्यांच्या पेटीत हात घातला आणि लाल काढून दिला. मुंगीने तो हिसकावून घेतला आणि जोरात भिरकावला. तो दारात उभ्या असलेल्या वकीलबाईंच्या बुटावर जाऊन आपटला.

वकीलबाई म्हणजे मुंगीची आई. त्या दिवशी कोर्टातलं काम लवकर आटपलं होतं आणि पाळणाघराच्या दारात उभं राहून त्यांनी हा सगळा संवाद ऐकला होता. मुंगी साडेतीन वर्षांची. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सदा काहीतरी ओढून नेत असायची, म्हणून मावशीनेच तिला ते नाव ठेवलं होतं. ते तिच्या घरीही चिकटलं होतं. मावशीने दिलेलं नाव चालत होतं, मावशीचं बोलणं चालत नव्हतं.

"आता कळलं ही कुठून शिकली ते," वकीलबाई म्हणाल्या. "मावशी, खुळखुळा. ळ. नीट ऐका. ळ."

"हो बाई. ल."

"ळ!"

"ल. तेच म्हटलं ना मी."

दाढ दुखावी तसे वकीलबाईंनी डोळे मिटले. मुंगी मावशीचा एप्रन ओढत म्हणाली, "बघ, आई नीट म्हणते. तू तसं म्हण." आणि स्वतः पुन्हा "खुलखुला" म्हणून दाखवलं.

मावशीला हसू आलं. ते हसू वकीलबाईंनी पाहिलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मावशी या शहरात लग्न होऊन आली तेव्हा तिला इथल्या भाषेतले चार शब्द येत होते. नवरा जहाजांच्या कारखान्यात जोडकाम करायचा, तिथे लोखंडाच्या आवाजात कोण कोणती भाषा बोलतो याला महत्त्व नव्हतं. तिला पाळणाघरात काम मिळालं आणि तिने भाषा उचलली ती तिथल्या पोरांकडून. दोन-तीन वर्षांची पोरं. कोणाला र येत नाही, कोणाला क येत नाही, ळ तर जवळजवळ कोणालाच येत नाही. ती पोरं तिच्या मांडीवर बसून तिला शिकवायची, हा डोला, हे नाक, हा चेंडू गोल. तिच्या मूळच्या भाषेत ळ नावाचा प्रकारच नव्हता, आणि शिकवणारे गुरू असे. मग तिच्या तोंडी ळ यायचा कुठून?

पोरं मोठी झाली, त्यांच्या जिभा वळल्या, ती शाळेत गेली. मावशी तिथेच राहिली. पोरगं "बाल" म्हणालं की लोक त्याचा गालगुच्चा घेतात, तोच शब्द मावशीने म्हटला की दोन बायका एकमेकींकडे बघतात. चूक एकच, पण एकाला पापा आणि दुसरीला टोमणा. इतकी वर्षं मावशीने ते कानाआड केलं होतं. तिचा स्वभाव तसा तापट, पण पोरांच्या खोलीत राग आणायचा नाही असा तिचा स्वतःचा नियम होता.

वकीलबाईंची तक्रार मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे पाळणाघराच्या मालकीण. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला कलणाऱ्या होत्या. त्यांनी मावशीला स्वयंपाकघरात गाठलं.

"मावशी, घरी जरा सराव करा ना. एका अक्षराचा तर प्रश्न आहे."

"करते बाई."

मावशीची लेक बँकेत फोनवर बोलायचं काम करत असे. तिची भाषा इतकी स्वच्छ होती की पलीकडच्या गिऱ्हाइकाला ती सात पिढ्यांची इथलीच वाटे. तिने आईला आरशासमोर बसवलं.

"आई, जीभ मागे वळव. अजून मागे. आता टाळ्याला लावून सोड. ळ."

"ल."

"नाही. ळ."

"ल."

"आत्ता आलं! आई, आत्ता जमलं बघ! परत म्हण."

मावशीने परत म्हटलं. लेकीने कपाळाला हात लावला. "गेलं."

काय आलं होतं आणि काय गेलं, हे मावशीला अजिबात कळलं नाही. तिच्या कानाला दोन्ही वेळा तोच आवाज ऐकू आला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला असं लोक बिनविचाराने बोलणाऱ्यांना म्हणतात. मावशी आठवडाभर विचार करकरून जीभ टाळ्याला लावत होती आणि तरी ती चुकीच्याच जागी लागत होती. शेवटी जिभेच्या मुळाशी दुखायला लागलं, तेव्हा तिने आरसा उलटा करून ठेवला.

पुढच्या आठवड्यात पाळणाघरात वाचातज्ज्ञ डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, हसतमुख, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत हातात घालायच्या दोन बाहुल्या, एक ससा आणि एक अस्वल. मुंगीची तपासणी करायची होती. मुंगी परक्या माणसाजवळ एकटी बसेना, म्हणून तिला मावशीच्या मांडीवर बसवलं. वकीलबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. मोठ्या बाई दाराशी उभ्या राहिल्या.

अस्वल म्हणालं, "खुलखुला." ससा म्हणाला, "खुळखुळा."

"कोण नीट बोललं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मुंगीने सशाला पापा दिला. मग बाहुल्यांनी अदलाबदल केली, ससा चुकीचं बोलला. मुंगी म्हणाली, "आता अस्वल शहाणं." डोळा झाला, झोपाळा झाला, बाळ झालं. मुंगीने एकदाही चूक केली नाही.

"छान! आता तू म्हण."

"खुलखुला," मुंगी म्हणाली, आणि लाजून तिने तोंड मावशीच्या खांद्यात लपवलं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "बघा, हिचे कान एकदम चोख आहेत. बरोबर काय ते हिला पक्कं माहीत आहे. फक्त जीभ अजून तिथे पोचत नाही. बहुतेक मुलांचं असंच असतं. म्हणूनच दुसऱ्याने तिच्यासारखं चुकीचं म्हटलं की तिला राग येतो. तिला वाटतं आपण नीटच म्हणतोय. थोडं मोठं झाल्यावर ळ आपोआप येईल."

मावशीच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने मुंगीच्या पाठीवर थोपटलं. तिला वाटलं, झालं, संपलं, आता उठावं, दूध गरम करायची वेळ झाली आहे.

पण डॉक्टरीणबाईंना एकाएकी उत्साह आला होता. "मावशी, तुम्ही पण खेळता का? अशीच गंमत. मी दोन शब्द म्हणणार, तुम्ही सांगायचं, सारखे की वेगळे." त्यांनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर वही धरली. "काल. काळ."

"सारखे."

"नाल. नाळ."

"सारखेच की."

मोठ्या बाई फिसकन हसल्या. मावशीला वाटलं, आपली मस्करी चालली आहे. ही बाई वहीआड एकच शब्द दोनदा म्हणते आहे आणि सगळे मिळून मजा बघत आहेत. पुढच्या जोडीला ती अंदाजाने "वेगले" म्हणाली. ती जोडी नेमकी सारखी होती.

"मावशी, ते सेम होतं!" मुंगी मांडीवरच उड्या मारायला लागली. तिला हा खेळ फारच आवडला होता. "आता वेगलं! आता परत वेगलं! मावशी, तुला ऐकू नाही येत?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचा राग नव्हता. पोर खेळत होती. पण तिघी शिकलेल्या बायका चारी बाजूंनी बघत असताना पन्नाशीच्या बाईची अशी परीक्षा घ्यायची, तीही न सांगता, गंमत म्हणून? तपासायला आणलं होतं कोणाला?

"यात तुमचा काहीच दोष नाही हं, मावशी," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. "अगदी लहान बाळाला कुठल्याही भाषेतले आवाज वेगवेगळे ऐकू येतात. मग वर्ष होईपर्यंत कान घरच्या भाषेला सरावतो आणि जे फरक घरात लागत नाहीत ते सोडून देतो. मोठेपणी ते परत पकडणं फार कठीण जातं. तुमच्या बाबतीत हे किती सुंदर दिसलं!"

सुंदर! एखादी नव्या जातीची भाजी बाजारात मिळावी तसा त्या बाईंचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे मुंगी हे मावशींकडून शिकलेली नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं.

"मला तसं वाटत नाही. मुलं एका माणसाच्या बोलण्यावरून आवाज ठरवत नाहीत. आईवडील, शेजार, इतर मुलं, सगळ्यांचं ऐकतात."

"वाटत नाही, हे ठीक," वकीलबाई म्हणाल्या. कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पण शक्यता शून्य आहे का?"

डॉक्टरीणबाई अडखळल्या. माणूस प्रामाणिक होतं, आणि तेच नडलं. "शून्य असं कशाबद्दलच म्हणता येत नाही."

"मग धोका का पत्करायचा?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरीच झाली नव्हती. तपासणीत पोर निर्दोष ठरली, मावशीही निर्दोष ठरली आणि शिक्षा मात्र मावशीला झाली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच तिने ओळखलं. एरवी तिला कोणी बसा म्हणत नसे.

"तुम्हाला काढत नाहीये मी. काम तेच, पगार तोच. फक्त मुलांशी बोलायचं नाही. खुणेने सांगा, हाताने दाखवा. बोलण्यासाठी मी यंत्र आणलंय."

यंत्र म्हणजे राखाडी रंगाचा एक डबा होता. तो मुलांच्या खोलीत फळीवर बसवला होता. ठरल्या वेळी त्यातून एक गोड, घोटीव आवाज यायचा. "बाळांनो, हात धुऊन घ्या." "बाळांनो, आता डोळे मिटा." त्याचा ळ निर्मळ होता, याबद्दल शंका नव्हती.

"बाई, पोरांना झोपवताना तरी..."

"मावशी, समजून घ्या. चार पालक बोलायला लागले तर मी काय करू?"

मावशीने समजून घेतलं. लेकीचं लग्न ठरायचं होतं, घरभाडं होतं, आणि या वयात दुसरं काम कोण देणार होतं? आणि खरं म्हणजे तिला पोरं सोडवत नव्हती. तिने एप्रन बांधला आणि तोंड बंद केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते तिला त्या दिवशी समजलं.

पहिल्या दिवशी पोरांना तो नवा खेळ वाटला. मावशी हात करी, पोरं हसत. एक पोरगा डब्याखाली उभा राहून "मला शू आली" असं डब्यालाच सांगत राहिला, आणि डब्याने त्याला हात धुवायला सांगेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मावशीने फरशी पुसली. तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी हसणं थांबलं. पोरं तिच्या तोंडाकडे बघायची. कोणी पडलं की उठून तिच्याकडे यायचं, तिचा चेहरा बघायचं आणि आणखी मोठ्याने रडायचं. ती जवळ घ्यायची, पाठीवरून हात फिरवायची, पण रडणं थांबायचं नाही. "काही नाही झालं, काही नाही झालं," हे म्हणणारं माणूसच खोलीत उरलं नव्हतं. डब्यात ते वाक्य भरलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी झोपली होती. मुंगी आपल्या गादीवरून उठली, उशी ओढत ओढत मावशीजवळ आली आणि समोर उभी राहिली.

"मावशी, माझ्याशी कट्टी?"

मावशीने मान हलवली. नाही.

"मग बोल."

मावशीने ओठांवर बोट ठेवलं.

मुंगीचा खालचा ओठ थरथरला. "मी खुलखुला फेकला म्हणून?"

मावशीला आधी नीट उमगलंच नाही. मग तिच्या लक्षात आलं. गेले तीन दिवस ही चिमुरडी ते मनात घेऊन फिरत होती. उशी ओढताना, दूध पिताना, खेळताना, सगळा वेळ. आपण खेळणं फेकलं, मावशी रागावली आणि मुकी झाली, असा तिने हिशेब लावला होता. कोणी काही सांगितलंच नव्हतं, मग पोर दुसरं काय समजणार?

"नाही ग माझी बाई," मावशी म्हणाली. "तुझ्याशी कशाला कट्टी घेऊ? तुझा राग कधी येतो का मला? ये. ये इकडे."

तीन दिवस या खोलीत न वापरलेला आवाज घोगरा झाला होता. मुंगी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. शेजारच्या गादीवरचं पोर जागं झालं, मग त्याच्या पलीकडचं. "मावशी बोलली!" कोणीतरी ओरडलं आणि सगळी फौज गाद्या तुडवत तिच्यावर येऊन कोसळली. तेवढ्यात डबा गोड आवाजात म्हणाला, "बाळांनो, शांत राहा." मावशी उठली, तिने त्याची वायर उपटली आणि डबा मळक्या चादरींच्या टोपलीत तळाशी नेऊन ठेवला.

मोठ्या बाई आल्या त्या हाच गोंधळ ऐकून. त्या टोपलीकडे बघत राहिल्या. संध्याकाळी वकीलबाई आल्यावर मात्र त्यांनी दोघींना ऑफिसात घेतलं.

"तीन दिवसच झाले होते," वकीलबाई म्हणाल्या. "तीन दिवससुद्धा नियम पाळता येत नाही?"

"पालला," मावशी म्हणाली. "तीन दिवस पालला. तुमच्या मुलीला तीन दिवस वाटत होतं की मावशी तिच्यावर रागावली. तिचं काही चुकलं म्हणून मावशी मुकी झाली. हे घरी सांगितलं तिने तुम्हाला?"

वकीलबाईंनी खांद्यावरची पर्स सरळ केली. "मुलं काहीही मनाला लावून घेतात. मुद्दा तो नाहीये."

"मग कुठला मुद्दा आहे? एवढ्याशा पोरीला असं वाटलं, ते चालतं तुम्हाला? माझा ल चालत नाही?"

"मावशी, आवाज खाली."

"आधी म्हणता बोलू नको, आता म्हणता हलू बोल! एकदा ठरवा ना काय ते! मला तुमच्या शब्दांतला फरक ऐकू येत नाही, मान्य आहे. त्या डॉक्टरीणबाईंनी सगल्यांसमोर दाखवला की तमाशा करून. पण यातलं कोण पोर भुकेने रडतं आणि कोण आई हवी म्हणून रडतं, ते तुम्ही दोघींनी दाराबाहेरून ओलखून दाखवा. सारखं की वेगलं, सांगा!"

मोठ्या बाईंनी टेबलावरचा पेन उगीच सरळ केला आणि टेबलाकडेच बघत म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशी ऑफिसातून बाहेर आली. फाटकाशी पालक उभे होते. मुलं बाहेर सोडायची वेळ होती आणि ते तिचंच काम होतं. तिने एकेकाला हाक मारून बूट घातले, नाकं पुसली, आणि ज्याचं पोर त्याच्या हातात दिलं. मुद्दाम मोठ्याने हाका मारल्या. दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहू देत. शेवटचं पोर गेल्यावर तिने एप्रन धुऊन दोरीवर वाळत घातला, कारण तो पाळणाघराचा होता.

लेक घरी आली तेव्हा मावशी खिडकीशी बसली होती. तिने झालेली गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. लेक बूट काढता काढता थांबली.

"आई! अग, एवढं काय कठीण होतं? गप्पच तर बसायचं होतं ना? डब्याला कशाला हात लावायचा?"

आणि मावशीचा बांध फुटला. दिवसभर, आठवडाभर, किती वर्षं कोणास ठाऊक, जे साठलं होतं ते बाहेर आलं, आणि ते तिच्या स्वतःच्या भाषेत आलं. इथल्या भाषेत शब्द शोधावे लागत, जीभ वळवावी लागत असे. तिच्या भाषेत काहीच शोधावं लागलं नाही. ती भराभर बोलली, न अडखळता, न चाचरता, घशातून खोल येणाऱ्या त्या रागाच्या आवाजांसकट. तिची आई रागावली की अशीच बोलायची. तिने वकीलबाईंना सोडलं नाही, मोठ्या बाईंना सोडलं नाही, त्या हसऱ्या डॉक्टरीणबाईंना सोडलं नाही. बोलून झाल्यावर तिला धाप लागली आणि फार बरं वाटलं.

लेक तशीच उभी होती. एक बूट पायात, एक हातात.

"आई, हळू बोल ना," ती म्हणाली. "मला नाही समजलं. एक 'घर' समजलं आणि एक 'मूल'. बाकी सगळं एकसारखंच वाटलं."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. लेक शाळेत गेली त्या वर्षी तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, घरी इथलीच भाषा बोला, नाहीतर मुलगी मागे पडेल. नवराबायकोने ते ऐकलं होतं. दोघं रात्री अंथरुणात कुजबुजत, तेवढीच काय ती त्यांची भाषा घरात उरली. नवरा गेल्यावर तीही थांबली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आपल्याच हाताने, लेकीच्या भल्यासाठी, तिने हे केलं होतं. याचा राग कोणावर काढायचा?

ती पाणी प्यायली. मग तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, इथल्या भाषेत, एकेक शब्द शोधत.

"तीन दिवस मी बोलले नाही. ती पोरगी उशी घेऊन आली. मला विचारते, कट्टी का? मी बोलले. मग सगली पोरं..."

"सगळी," लेक म्हणाली.

सवयीने बोलून गेली ती. लहानपणापासून ती अशीच मध्ये बोलत आली होती. बोलल्यावर तिचं तिलाच कळलं आणि हातातला बूट खाली पडला.

मावशी थांबली. लेकीने काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडलं, पण मावशीने हात वर केला.

"सगली," ती मोठ्याने म्हणाली. "सगली पोरं जागी झाली." आणि तिने पुढचं सगळं शेवटपर्यंत सांगितलं. लेक दाराजवळ एका पायात बूट घालून उभी राहिली आणि ऐकत राहिली.